पवित्र : गाळणीतून आलेला शब्द

मराठीत ‘पवित्र’ हे विशेषण आहे. नदी, ग्रंथ, वास्तू, नाते, दिवस यांपैकी कशालाही ते लागते आणि लागताच त्या गोष्टीभोवती आदराची एक मर्यादा उभी राहते. वेदांच्या भाषेत मात्र हा शब्द मुख्यतः नाम होता आणि त्याचा अर्थ होता गाळणी. सोमयागात सोमाच्या काड्या दगडांनी ठेचत, त्यांचा रस मेंढीच्या लोकरीतून गाळत आणि मग तो देवांना अर्पण करत. रस ज्या लोकरीतून गाळला जाई ती लोकर म्हणजे ‘पवित्र’. हाताने ताणून धरण्याच्या या वस्तूपासून देवाच्या सहस्र नावांपर्यंत हा शब्द कसा पोचला, वाटेत त्याने काय टिकवले आणि काय गमावले, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

धातू आणि प्रत्यय

‘पवित्र’ हा शब्द ‘पू’ या धातूपासून झाला आहे. पू म्हणजे स्वच्छ करणे, निवडणे, गाळणे. संस्कृतात त्याची ‘पुनाति’ आणि ‘पवते’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मराठीच्या परिचयाचे कितीतरी शब्द याच घरातले आहेत. पावन म्हणजे शुद्ध करणारा, पावक म्हणजे अग्नी, पवन म्हणजे वारा, पूत म्हणजे शुद्ध झालेला. वारा आणि अग्नी यांना ही नावे मिळाली ती त्यांच्या कामावरून. वारा धान्यातले भूस उडवून नेतो, अग्नी धातूतला मळ जाळतो.

शेतात मळणीनंतर धान्य वाऱ्यावर सोडून भूस वेगळे करतात, त्या कामाला मराठीत ‘उपणणे’ किंवा ‘उफणणे’ म्हणतात. हे क्रियापद अभ्यासक ‘उत्’ उपसर्ग लागलेल्या याच पू धातूकडे नेतात. यज्ञात दर्भाच्या पात्यांनी पाणी किंवा तूप शुद्ध करण्याच्या क्रियेला ‘उत्पवन’ म्हणतात. म्हणजे खळ्यावरचे उपणणे आणि वेदीजवळचे उत्पवन या एकाच शब्दाच्या दोन शाखा आहेत.

धातूला लागलेला ‘इत्र’ हा प्रत्यय तितकाच महत्त्वाचा आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रत्यय सांगितला आहे. ज्या साधनाने क्रिया होते, त्या साधनाचे नाव तो घडवतो. कापणे या अर्थाच्या लू धातूपासून लवित्र म्हणजे विळा, खन् धातूपासून खनित्र म्हणजे कुदळ, ऋ धातूपासून अरित्र म्हणजे वल्हे. चर् म्हणजे चालणे, त्यापासून चरित्र. ऋग्वेदात विश्पलेचा पाय तुटल्याची आणि अश्विनांनी तिला धातूचा पाय दिल्याची कथा येते, तिथे पायासाठी ‘चरित्र’ हाच शब्द आहे. चालण्याचे साधन तो पाय, त्यावरून चालणे, वागणे आणि पुढे वागण्याची हकिकत, असा तो शब्द सरकत गेला.

पू धातूसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रे दिली. पहिल्या सूत्राने पवित्र हे एका विशिष्ट वस्तूचे नाव ठरते. टीकाकारांनी त्याचे उदाहरण म्हणून दर्भ दिला आहे. दुसऱ्या सूत्राने ऋषी आणि देवता यांनाही हा शब्द लागू होतो. ज्याच्यामुळे माणूस शुद्ध होतो तो ऋषी पवित्र आणि जी स्वतः शुद्ध करते ती देवता पवित्र, असा त्यावरचा खुलासा आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पवित्र हा विळा, कुदळ आणि वल्हे यांच्या रांगेतला शब्द आहे. तो आधी साधन आहे, गुण नंतर.

पू धातूचे नातेवाईक भारताबाहेरही आहेत. लॅटिनमधला शुद्ध या अर्थाचा ‘पूरुस’ हा शब्द त्याच मुळाचा असून इंग्रजीतला ‘प्युअर’ त्याच्याकडून आला. जुन्या जर्मन भाषेत याच मुळाचे एक क्रियापद धान्य चाळण्यासाठी वापरले जात असे. दूरदूरच्या भाषांत चाळणे आणि शुद्ध करणे हे दोन अर्थ एकाच मुळाशी मिळतात, यावरून या कल्पनेचे प्राचीनत्व कळते.

सोमाची गाळणी

ऋग्वेदाचे नववे मंडल संपूर्णपणे सोमाला वाहिलेले आहे. त्यात 114 सूक्ते आहेत आणि त्यांतील सोमाचे नित्याचे नाव आहे ‘पवमान’, म्हणजे गाळला जाणारा, गाळणीतून वाहत स्वच्छ होणारा. ही सूक्ते रस गाळला जात असतानाची आहेत. सोमयागात दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि सायंकाळी, सोम पिळला जाई आणि प्रत्येक वेळी गायल्या जाणाऱ्या एका स्तोत्राच्या नावात पवमान हा शब्द असे. आजही महाराष्ट्रात पवमान सूक्ताचे आवर्तन करून देवाला अभिषेक करतात, ते हेच नाव.

गाळण्याची कृती या सूक्तांतून आणि नंतरच्या श्रौतग्रंथांतून बरीच स्पष्ट होते. सोमाच्या काड्या पाण्यात भिजवून फुगवत आणि मग दगडांनी ठेचत. निघालेला तपकिरी-पिवळा रस लोकरीच्या गाळणीवर ओतत. रेषा आणि चोथा लोकरीत अडकून राही आणि स्वच्छ रसाची धार खालच्या लाकडी पात्रात, द्रोणकलशात पडे. नंतर त्यात दूध, दही किंवा सातूचे पीठ मिसळत. श्रौतग्रंथांत या गाळणीला ‘दशापवित्र’ म्हणतात. दशा म्हणजे कापडाच्या काठाचे मोकळे सुटलेले धागे.

ऋग्वेदाच्या कवींनी या साध्या लोकरीला किती रूपे दिली आहेत! ती मेंढीची पाठ आहे आणि तिच्या शिखरावरून सोम धावत जातो. ती आकाश आहे आणि तिच्यातून खाली पडणारी धार हा पाऊस आहे. रस पात्रात पडतानाचा आवाज म्हणजे बैलाचे डरकणे. सोम शर्यतीच्या घोड्यासारखा गाळणी ओलांडतो, राजासारखा पात्रात आपले आसन घेतो. हातभर लोकरीवर घडणारी क्रिया त्यांना विश्वात घडणाऱ्या क्रियेसारखी दिसली, कारण दोन्हीकडे वरून येणारे द्रव्य गाळून, निवळून खाली जीवन देत होते.

हीच कृती इराणी परंपरेतही टिकली. अवेस्तामधला हओम हा वैदिक सोमाचा सख्खा भाऊ. पारशी धर्मगुरू यस्न विधीत हओमाचा रस काढतात आणि तो नऊ छिद्रांच्या धातूच्या थाळीतून गाळतात. त्यासाठी ‘वरस’ नावाची धातूची कडीही वापरतात आणि तिच्यावर पांढऱ्या बैलाचे केस गुंडाळलेले असतात. वेदात मेंढीची लोकर, पारशी विधीत बैलाचे केस. रस प्राण्याच्या केसांतून गाळण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. मुंबई आणि उदवाडा येथील पारशी समाजाने ही प्रथा आजवर जपली आहे.

वाणीची चाळण, हृदयातली गाळणी

लोकरीची गाळणी मनाच्या व्यवहारालाही लागू पडते, हे ऋग्वेदाच्या काळातच कवींच्या लक्षात आले होते. दहाव्या मंडलातले एकाहत्तरावे सूक्त वाणीच्या उगमाविषयी आहे. चाळणीने सातू साफ करावा तशी बुद्धिमंतांनी मनाने वाणी घडवली, अशी उपमा त्यात येते. चाळणीसाठी तिथे ‘तितउ’ हा दुर्मीळ शब्द आहे आणि साफ करण्यासाठी पू धातूचेच रूप. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात तितउ या शब्दाचा अर्थ सांगताना तिला शुद्ध करण्याचे साधन म्हटले. पुढे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना, हीच ऋचा आधाराला घेतली. बोलण्यातले सकस दाणे ठेवून फोलपटे टाकणारी चाळण म्हणजे व्याकरण, असा त्याचा आशय.

नवव्या मंडलातील त्र्याहत्तराव्या सूक्तात तर गाळणी माणसाच्या आत जाते. हृदयात तीन पवित्रे ठेवलेली आहेत, असे तिथे म्हटले आहे. त्र्याऐंशीव्या सूक्तात विश्वभर पसरलेल्या पवित्राचे वर्णन असून, ज्याचे शरीर तापून निघालेले नाही अशा कच्च्या माणसाला ते लाभत नाही, असा विचार येतो. परंपरेने या सूक्ताच्या ऋषीचे नावही पवित्र आंगिरस असेच दिले आहे. वैष्णव संप्रदायांनी पुढे या सूक्तातले पवित्र म्हणजे विष्णूचे चक्र असा अर्थ लावला आणि तापलेल्या शरीराचा उल्लेख तप्तमुद्रेला आधार मानला. माध्व मठांत आषाढी एकादशीला शंखचक्राच्या तापलेल्या मुद्रा अंगावर उमटवून घेतात, त्या प्रथेचे समर्थन या ऋचेने केले जाते.

दर्भाची दोन पाती

यजुर्वेदाच्या आणि ब्राह्मणग्रंथांच्या काळात पवित्र या शब्दाने आणखी एक वस्तू दाखवली जाऊ लागली. वीतभर लांबीची, टोके शाबूत असलेली दर्भाची दोन पाती म्हणजेही पवित्र. यज्ञासाठी आणलेले पाणी आणि तूप या पात्यांनी ढवळून, उडवून शुद्ध करत. इथे प्रत्यक्ष काहीही गाळले जात नाही. लोकरीची गाळणी जाऊन तिच्या जागी तिची खूण आली. शब्दाच्या इतिहासातले हे मोठे वळण आहे, कारण वस्तू खरोखर मळ काढते की नाही हा प्रश्न इथे मागे पडला आणि विधीने येणारी शुद्धी पुढे आली.

दर्भालाच हा मान का, याची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. वृत्र हा असुर सर्व काही व्यापून पडला होता. इंद्राने त्याला मारल्यावर त्याची दुर्गंधी पाण्याकडे वाहत गेली. काही पाण्याला त्याची किळस आली आणि ते वर वर चढत गेले. त्या न नासलेल्या पाण्यापासून दर्भ उगवले. उरलेल्या पाण्यात दोष मिसळला, म्हणून यज्ञाचे पाणी दर्भाने शुद्ध करायचे. याच ठिकाणी आणखी एक विचार येतो. वाहणारा वारा हेच खरे पवित्र आहे. तो एकच आहे, पण माणसाच्या शरीरात शिरून श्वास आणि उच्छ्वास असा दुहेरी होतो, म्हणून पातीही दोन.

आज धार्मिक कार्यात आणि श्राद्धात अनामिकेत घालतात ती दर्भाची अंगठी याच दोन पात्यांची वारस आहे. मराठीत तिला ‘पवित्रक’ म्हणतात. पात्यांची संख्या कर्मानुसार बदलते आणि कार्य संपल्यावर गाठ सोडून ती टाकून देतात. केरळातील पय्यनूर येथे याच गाठीच्या आकाराची सोन्याची अंगठी घडवतात. ‘पवित्र मोतिरम’ म्हणून ती प्रसिद्ध असून तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. ज्या गवतापासून हे सुरू झाले ते दर्भ वनस्पतिशास्त्रात ‘डेस्मोस्टॅकिया बायपिनाटा’ म्हणून ओळखले जाते. अमरसिंहाच्या कोशात पवित्र हा शब्द दोन ठिकाणी येतो. वनस्पतींच्या वर्गात तो दर्भाचा पर्याय आहे आणि विशेषणांत तो पूत व मेध्य यांच्या सोबत आहे. वस्तू आणि गुण हे दोन्ही अर्थ त्या काळी शेजारी शेजारी नांदत होते, याची ही नोंद.

यास्काची यादी

हा अर्थविस्तार यास्काच्या नजरेतून सुटला नव्हता. निरुक्ताच्या पाचव्या अध्यायात त्याने पवित्र हा शब्द पू धातूपासून आल्याचे सांगून, वेदात तो कशाकशासाठी आला आहे ते नोंदवले. मंत्र, किरण, पाणी, अग्नी, वायू, सोम, सूर्य आणि इंद्र या सर्वांना पवित्र म्हटलेले आहे, असे तो दाखवतो.

या यादीत एक सूत्र आहे. तिच्यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी करते. पाणी धुते, अग्नी जाळतो, वारा उडवून नेतो, किरण सुकवतात, मंत्र मनाला वळण देतो. गाळला जाणारा सोमही यादीत आला, कारण पिणाऱ्याला तो आतून शुद्ध करतो अशी श्रद्धा होती. जे स्वतः गाळून निघाले तेच दुसऱ्याला गाळणारे झाले. ‘शुद्ध करणारे’ आणि ‘शुद्ध झालेले’ हे दोन अर्थ एका शब्दात मिसळले ते अशा जागी.

नामाचे विशेषण

उत्तरकालीन संस्कृतात लोकरीची गाळणी श्रौतविधींपुरती उरली आणि पवित्र हा शब्द मुख्यतः ‘शुद्ध करणारे’ या व्यापक अर्थाने रुळला. भगवद्गीतेत तो चार वेळा येतो. चौथ्या अध्यायात ज्ञानासारखे पवित्र दुसरे नाही असे सांगितले आहे. तिथे पवित्र हे नपुंसकलिंगी नामच आहे, म्हणजे ज्ञानाइतके शुद्ध करणारे साधन दुसरे नाही. नवव्या अध्यायात राजविद्येला आणि ओंकाराला, दहाव्यात अर्जुनाच्या तोंडून कृष्णाला हा शब्द लावला आहे. त्याच दहाव्या अध्यायात, शुद्ध करणाऱ्यांमध्ये आपण वारा आहोत, असे कृष्ण सांगतो आणि यास्काच्या यादीतला वायू पुन्हा भेटतो. विष्णुसहस्रनामात पवित्र हे विष्णूचे एक नाव आहे. राजसूय यज्ञाचा आरंभ ज्या सोमयागाने होतो त्याचेही नाव पवित्र.

गाळण्याचा मूळ अर्थ मात्र पूर्ण पुसला गेला नव्हता. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने कसे वागावे याचा एक श्लोक आहे. पाऊल नजरेने पारखून टाकावे, पाणी वस्त्राने गाळून प्यावे, बोलणे सत्यातून गाळलेले असावे आणि आचरण मनाने शुद्ध ठरवलेले असावे, असा त्याचा अर्थ. यासाठी वापरलेले शब्द आहेत दृष्टिपूत, वस्त्रपूत, सत्यपूत आणि मनःपूत. पाण्याला वस्त्र तसे वाणीला सत्य आणि आचरणाला मन. चारही ठिकाणी गाळणी आहे, फक्त तिचे द्रव्य सूक्ष्म होत जाते.

यांतला ‘मनःपूत’ हा शब्द मराठीत आला आणि त्याने वेगळीच वाट धरली. मराठीत मनःपूत हसणे, मनःपूत जेवणे म्हणजे मन भरेपर्यंत, मनाला येईल तसे. मनाच्या चाळणीतून काटेकोरपणे निवडलेले असा ज्याचा अर्थ होता, तो शब्द आता मनावर कसलीही अट नसल्याचे सांगतो.

पवित्रारोपण आणि पोवते

मध्ययुगात आगम आणि पुराणांच्या परंपरेत पवित्र म्हणजे सुताची किंवा रेशमाची माळ असा तिसरा वस्तुवाचक अर्थ तयार झाला. वर्षभराच्या पूजेत नकळत झालेल्या चुका, राहिलेले उपचार आणि सुटलेले मंत्र यांची भरपाई म्हणून देवाला धाग्यांची माळ वाहायची, या विधीला पवित्रारोपण म्हणतात. अकराव्या शतकातील शैव ग्रंथ सोमशंभुपद्धतीत आणि अग्निपुराणात त्याचे सविस्तर वर्णन आहे. धागे किती पदरी असावेत, गाठी किती असाव्यात, माळ कुठवर लांब असावी याचे नियम ठरलेले होते. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूतही श्रावणातील कर्तव्यांत पवित्रारोपण येते.

तिरुमला येथील वेंकटेश्वर मंदिरात श्रावणात तीन दिवसांचा पवित्रोत्सव होतो. मध्ययुगात तो होत असे, नंतर खंड पडला आणि 1962 पासून तो पुन्हा सुरू झाला. पुष्टिमार्ग या कृष्णभक्तीच्या संप्रदायात श्रावण शुद्ध एकादशीला पवित्रा एकादशी म्हणतात आणि त्या दिवशी ठाकुरजींना, म्हणजे कृष्णमूर्तीला, रेशमी पवित्रा अर्पण करतात.

मराठीत या विधीने आपला स्वतंत्र शब्द घडवला. पवित्रकाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप म्हणजे ‘पोवते’. श्रावणात देवाला वाहून मग गळ्यात किंवा मनगटात बांधायचा सुताचा दोरा तो पोवते. श्रावणी पौर्णिमेला नारळी पौर्णिमा किंवा राखी पौर्णिमा म्हणतात, तसेच ‘पोवती पौर्णिमा’ असेही नाव आहे. महानुभाव पंथात ‘पवितेपर्व’ पाळले जाते आणि त्याचे उल्लेख पंथाच्या जुन्या साहित्यापर्यंत जातात. पवित्र हा तत्सम शब्द ग्रंथांतून मराठीत आला. पोवते मात्र लोकांच्या तोंडातून आले.

जानव्याच्या मंत्रातही यज्ञोपवीताला श्रेष्ठ पवित्र म्हटले आहे. ‘उपवीत’ हा शब्द मात्र पू धातूचा नाही. तो वेढणे, पांघरणे या अर्थाच्या ‘व्ये’ धातूचा आहे. धागा दोन्हीकडे असला तरी शब्दांची कुळे वेगळी आहेत.

शेजारचे शब्द

पवित्र, शुद्ध, शुचि आणि मेध्य हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, पण प्रत्येकाचे मूळ वेगळी गोष्ट सांगते. शुचि हा शब्द ‘शुच्’ म्हणजे तेजाने झळकणे या धातूचा. अग्नीचे वर्णन करताना तो वारंवार येतो. मळ नसलेली वस्तू झळकते, म्हणून शुचि म्हणजे निर्मळ. मेध्य म्हणजे मेधाला, अर्थात यज्ञाला योग्य. शुद्ध हा ‘शुध्’ धातूचा शब्द वस्तूची अवस्था सांगतो. तिच्यात दुसरे काही मिसळलेले नाही, एवढेच.

मराठी बोलणारा माणूस हे भेद नकळत पाळतो. तूप शुद्ध असते, सोने शुद्ध असते, भाषाही शुद्ध असते. त्यांना कुणी सहसा पवित्र म्हणत नाही. उलट पावसाळ्यात गढूळ झालेली गोदावरी शुद्ध नसली तरी नाशिक-पैठणच्या भाविकाला ती पवित्रच असते. भाविक नदीकडे जातो ते तिच्या पाण्याची प्रत पाहून जात नाही, तिच्यात माणसाला शुद्ध करण्याची शक्ती आहे या श्रद्धेने जातो. शब्द साधनवाचक होता, त्याची ही आजची खूण आहे. मात्र याच भेदाचा एक परिणाम असा, की नदी पवित्र मानली गेल्याने ती शुद्ध राहते असे नाही. पाण्याची शुद्धता माणसाला स्वतंत्रपणे सांभाळावी लागते.

अन्य भाषांतील कल्पना

पावित्र्याची कल्पना सगळ्या समाजांत आहे, पण तिच्या शब्दांची मुळे वेगवेगळ्या अनुभवांत आहेत. हिब्रू भाषेतील ‘कादोश’ या शब्दाचा आशय सामान्य व्यवहारापासून वेगळे काढलेले असा सांगितला जातो. लॅटिनमधील ‘साकेर’ म्हणजे देवाला वाहिलेले, आणि त्यामुळे माणसांच्या कक्षेबाहेर गेलेले. म्हणून शापित माणसालाही हाच शब्द लागे. अरबीतील ह-र-म या मुळात मनाईचा अर्थ आहे. निषिद्ध ते हराम, आणि मक्केची मशीद म्हणजे मस्जिद अल-हराम, कारण तिची मर्यादा मोडायची नसते. पॅसिफिक बेटांवरील ‘तापू’ हा शब्दही पवित्र आणि निषिद्ध असे दोन्ही अर्थ सांगतो. इंग्रजी प्रवासी कॅप्टन कुक याच्या नोंदींतून तो युरोपात पोचला.

काही भाषांची वाट निराळी आहे. अवेस्तातील ‘स्पेन्त’ हा शब्द वाढणे, फुगणे या अर्थाच्या मुळाचा. लिथुआनियन आणि रशियन भाषांतील पवित्र या अर्थाचे शब्द त्याचेच भाऊबंद आहेत. तिथे पवित्र म्हणजे जीवनाने भरलेले. इंग्रजीतील ‘होली’ हा शब्द अखंड, पूर्ण या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला. ग्रीकमधील ‘हागिओस’ हा संस्कृत यज् धातूचा नातेवाईक, म्हणजे पूजेला पात्र.

या सर्वांच्या शेजारी ठेवल्यावर पवित्र या शब्दाचे वेगळेपण स्पष्ट होते. साकेर आणि हराम यांच्या मुळाशी कुंपण आहे. पवित्राच्या मुळाशी प्रवाह आहे. गाळणी द्रव्याला अडवून ठेवत नाही, आतून जाऊ देते. मळ तिला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. वैदिक भाषेतली ही कल्पना अस्पर्शाची नव्हती. ज्या वस्तूला कधी काही लागलेच नाही ती गाळणी होऊ शकत नाही.

अपवित्र

समाजव्यवहारात मात्र कुंपणाची कल्पना वरचढ ठरली. धर्मशास्त्रांनी द्रव्यशुद्धीचे, आशौचाचे आणि स्पर्शास्पर्शाचे नियम बांधले. त्या नियमांत पवित्र म्हणजे ज्याला हात लागता कामा नये ते, आणि अपवित्र म्हणजे ज्याचा हात लागू द्यायचा नाही तो, असा अर्थ रूढ झाला. शुद्ध करणाऱ्या साधनाचे नाव माणसांना दूर ठेवण्याचे कारण बनले.

महाडच्या चवदार तळ्यावर हा संघर्ष उघड झाला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांनी तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटल्याचे सांगून पंचगव्य ओतून त्याचे शुद्धीकरण केले. पाणी हे यास्काच्या यादीतले पवित्र, सर्वांना शुद्ध करणारे. माणसाच्या स्पर्शाने तेच अशुद्ध होते असे मानले गेले, तेव्हा शब्दाचा अर्थ पूर्ण उलटला होता. खटला चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला.

या उलटलेल्या अर्थाला मराठी संतांनी शतकांपूर्वी हात घातला होता. तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात कुळ आणि देश पवित्र कशाने होतो याचा विचार आहे. हरीचे दास जिथे जन्मतात ते कुळ पवित्र, असे सांगून त्यांनी गोरा कुंभार, सेना न्हावी, रोहिदास, कबीर अशा वेगवेगळ्या जातिधर्मांतल्या भक्तांची नावे घेतली. पावित्र्य जन्मातून भक्ताकडे येत नाही, भक्ताकडून कुळाकडे जाते. भक्त शुद्ध करणारा आहे, ही मांडणी शब्दाच्या जुन्या साधनवाचक अर्थाशी जुळणारी आहे.

आजची मराठी

आजच्या मराठीत पवित्र हा शब्द एका धर्माचा राहिलेला नाही. मराठी बायबलचे नावच ‘पवित्र शास्त्र’ आहे आणि ख्रिस्ती त्रैक्यातील तिसऱ्या व्यक्तीला ‘पवित्र आत्मा’ म्हणतात. कुराण, गुरू ग्रंथ साहिब, रमजानचा महिना यांनाही हेच विशेषण लागते. हिब्रू, ग्रीक आणि अरबी परंपरांतले वेगळे काढलेपण आणि मनाई त्यामुळे मराठी शब्दाच्या अर्थात येऊन मिसळले. संविधान, मतदान, शिक्षकी पेशा यांनाही पवित्र म्हटले जाते, तेव्हा त्यात देवधर्माचा संबंध नसतो. ज्याच्याशी खोटेपणा करायचा नाही असे काहीतरी, एवढाच अर्थ असतो.

लोकरीची गाळणी, दर्भाची पाती, श्रावणातला सुताचा दोरा, मंत्र, ज्ञान आणि भक्त अशा क्रमाने हा शब्द हाताळता येणाऱ्या वस्तूकडून मनाच्या गुणाकडे आला. बदलत्या वस्तूंमधून एक अर्थ सतत चालत राहिला, तो म्हणजे शुद्ध करण्याचे काम. ‘पवित्र’ म्हणून एखाद्या गोष्टीपासून माणसांना दूर ठेवले जाते, तेव्हा या शब्दाच्या इतिहासातला उशिरा आलेला अर्थ वापरला जातो. त्याच्या पहिल्या अर्थाने विचारायचे तर प्रश्न असा ठरतो, की ती गोष्ट आपल्यातून जाणाऱ्यांना अधिक निर्मळ करते का.